गड्ड्यातला जनावरांचा बाजार

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला आमच्याकडं यात्रा कुणी म्हणत नाही, गड्डा म्हणतात. जानेवारीत होटगीच्या माणसाला विचारा, "कुठं निघालाव?" उत्तर एकच, "गड्ड्याला." होटगी जंक्शनातून एक लोहमार्ग वाडीकडं जातो, दुसरा विजापूरवरनं गदगला. त्यामुळं त्या दिवसांत आमच्या स्टेशनात मराठीइतकंच कानडी कानावर पडायचं.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. सोलापूरभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली. वचनं रचली ती कानडीत. लग्नाचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लावलं, अशी कथा आहे. भोगीला सात नंदीध्वजांच्या साक्षीनं अक्षता पडतात त्या याच लग्नाच्या. संक्रांतीला होम. शहरातली माणसं एवढं बघून पाळण्यांकडं वळतात. आम्ही शेतकऱ्यांची पोरं जनावरांकडं पळायचो.

बाजार जानेवारीत का, हे आमच्या जमिनीवरनं कळतं. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची. कोळपण्या संपल्या, ज्वारी हुरड्याला आली, की बैल मोकळा. नांगरट पुढं उन्हाळ्यात. ज्याच्याकडं तोवर घालायला वैरण नाही तो विकतो. ज्याचा एक बैल थकलाय तो जोड शोधतो. देवाचं लग्न आणि शेतकऱ्याची सोय एकाच आठवड्यात आली ती उगीच नव्हे, असं आपलं मला वाटतं.

मान खिलारचा. पांढरा रंग, मागं वळून वर गेलेली लांब शिंगं, अंगात चपळाई. अण्णा मला आधी शिंगं बघू द्यायचे नाहीत. "शिंगं काय, रंगवता येत्यात. दात बघ." अदत म्हणजे अजून दुधाच्या दातांवर असलेला. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. जुळलेल्या बैलाचं पुढचं वय दातांच्या झिजेवरनं काढायचं. त्यानंतर खूर, खांदा, अंगावरचे भोवरे. शेवटी चालवून बघायचं, कारण बांधलेला बैल सगळाच चांगला दिसतो.

भाव तोंडानं होत नसे. हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत. भोवती पन्नास माणसं उभी, आणि आकडा दोघांनाच ठाऊक. विजापूरकडचा एखादा "एष्टु री?" म्हणून मोठ्यानं विचारी, तेव्हा हेडी हसून त्याचाही हात उपरण्याखाली ओढी. कानडी-मराठीचा तंटा त्या उपरण्याखाली कधी आला नाही.

1972 साली पाऊस गेला. पुढच्या जानेवारीत अण्णांनी आमची जोडी गड्ड्याला नेली. मीही बरोबर होतो. रात्रीच निघालो, होटगी रस्त्यानं चालत. रेशनवर लाल मिलो मिळत होता, तो माणसांनी खाल्ला. बैलानं काय खायचं? त्या साली विकणारेच सगळे, घेणारा कोण? ज्या बैलाला आदल्या वर्षी लोक थांबून बघायचे, त्याच्या पुढ्यातनं माणसं न बघता निघून जात. दोन दिवसांनी हेड्यानं उपरणं पुढं केलं. अण्णांनी हात घातला आणि लगेच काढला. मग पुन्हा घातला. किती ठरले ते त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नाही. कासरे मात्र सोडून घेतले, घरी आणले. पुढं सगळं घर खडी फोडायला गेलं.

सरकारी प्रदर्शनं मी नंतर बरीच पाहिली. त्यांनाही इतिहास आहे. 1926 साली नेमलेल्या शाही शेती आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो. दहा वर्षांनी ते व्हाइसरॉय झाले आणि गावोगावी चांगले वळू द्या म्हणून धनिकांना आवाहन करू लागले. वंश सुधारायचा विचार चांगलाच होता. पण प्रदर्शनातला परीक्षक फीत बांधून घरी जातो. गड्ड्यातला परीक्षक तोच बैल वर्षानुवर्षं पोसणार असतो, म्हणून त्याची नजर जास्त कडक.

आता विजापूर रस्त्याला रेवणसिद्धेश्वराजवळच्या बाजारात गेलं, की निवड कशासाठी चाललीय तेच बदललेलं दिसतं. नांगरट ट्रॅक्टरनं होते. 2015 च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली, तेव्हा थकलेल्या बैलाचं काय करायचं हा प्रश्न दावणीलाच राहिला. कायद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी एकदा त्या दावणीची वैरण मोजावी. दुसरीकडं शर्यती. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 ला त्या थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाला जो भाव सांगतात, तो ऐकून अण्णांनी उपरणंच झटकलं असतं.

मागं एका दावणीला असाच खोंड होता. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, समोर पोरं मोबाइल घेऊन उभी. मी सवयीनं जबडा उघडून बघितला. दोन दाती. मालक विशी-बाविशीचा.

"नांगराला चालतो का?" मी विचारलं.

"नांगराला?" तो म्हणाला. "आमच्या घरात नांगरच न्हाई, काका."

मग त्यानं खोंड पाच-पन्नास पावलं चालवून दाखवला. चाल खरंच चांगली होती.