चुंदाचे अन्नदान

भगवान बुद्धांच्या अखेरच्या भोजनात चुंद लोहाराने काय वाढले? पाली महापरिनिब्बानसुत्तात ‘सूकरमद्दव’ हा शब्द येतो. ते डुकराचे मांस की अन्य काही, याविषयी प्राचीन अट्ठकथांतही मतभेद आढळतात. गोमंतकाचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. इ. स. ४१३ मध्ये चिनी भाषेत अनुवादित झालेल्या दीर्घागमात मात्र चंदनवृक्षावरील अळंबीचा उल्लेख आहे. पदार्थाविषयी परंपरा अशा भिन्न असल्या, तरी संबोधीच्या व परिनिर्वाणाच्या वेळच्या अन्नदानाचे पुण्य समान होय, हे बुद्धवचन दोहोंतही आहे. दूरवर विखुरलेल्या शाखांनी जे एकमुखाने जपले, ते प्राचीनतर मानणे युक्त ठरते. पदार्थाच्या नावापेक्षा दात्याला दोष लागू नये, हेच त्या भिक्षूंना अधिक मोलाचे वाटले असावे.