सापाच्या स्वप्नानंतर

बेन्झीन म्हटले की केकुले यांचा साप आठवतो: स्वतःचेच शेपूट तोंडात धरून गरगर फिरणारा. जुन्या बाजारात घेतलेली रसायनशास्त्राची तीन पुस्तके माझ्याकडे आहेत. तिन्हींत साप आहे, कॅथलीन लॉन्सडेल एकातही नाहीत.

स्वप्नाची हकीगत केकुले यांनी 1890 मध्ये बर्लिनच्या सत्कारात सांगितली. षटकोनी कड्याची कल्पना 1865 ची. पंचवीस वर्षांनी, तेही सत्कारात, आठवणीला थोडा रंग चढतोच, असे माझे मत. पण स्वप्न खरे धरले तरी कोडे सुटले नव्हते. त्या कड्यात सहा कार्बन अणूंमध्ये आळीपाळीने एकेरी आणि दुहेरी बंध होते. मग शेजारच्या दोन कार्बनांवर क्लोरीन बसवल्यावर दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. एकात मधला बंध एकेरी, दुसऱ्यात दुहेरी. प्रत्यक्षात मिळे एकच! 1872 मध्ये केकुले यांनी तोड काढली: बंध सतत जागा बदलत असतात. चतुर तोड, पण पुरावा कुठे होता?

तो 1929 मध्ये इंग्लंडमधील लीड्सला मिळू लागला. बेन्झीन साध्या तापमानाला द्रव असते, म्हणून लॉन्सडेल यांनी हेक्सामिथिलबेन्झीनचे स्फटिक घेऊन क्ष-किरणांनी तपासले. कडे सपाट निघाले, सहाही बाजू सारख्या. आजच्या मोजणीनुसार बेन्झीनमधला प्रत्येक कार्बन-कार्बन बंध 1.39 अँगस्ट्रॉमचा, साधा एकेरी 1.54, दुहेरी 1.34.

तरीही क्ष-किरणांना केवळ सरासरी दिसत असेल, ही शंका उरतेच. 1931 मध्ये ह्यूकेल यांनी पुंजयांत्रिकीच्या गणिताने दाखवले की सहा इलेक्ट्रॉन कोणा दोन अणूंच्या मालकीचे नसून साऱ्या कड्याचे आहेत. लॉन्सडेल तेव्हा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चुंबकाकडे वळत होत्या. फॅरडे यांनी 1825 मध्ये बेन्झीन प्रथम वेगळे केले, ते याच संस्थेत. अशा स्फटिकांचे चुंबकी गुणधर्म दिशेप्रमाणे कसे बदलतात, हे इकडे कलकत्त्यात के. एस. कृष्णन मोजत होते. 1936 मध्ये दोघांचा संयुक्त शोधनिबंध रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला. कड्याच्या प्रतलाला लंब दिशेने प्रतिचुंबकत्व फार जास्त भरते. एका अणूभोवती घुटमळणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून एवढा परिणाम होत नाही. त्यांचा फेरा अख्ख्या कड्याएवढा असावा लागतो.