बाटली खरी आहे

1973 सालचं हाँगकाँग, अजून ब्रिटिशांच्या ताब्यातलं. तुम्ही बेटाच्या दक्षिणेला, स्टॅन्लीजवळच्या एका बंगल्याच्या टेनिस कोर्टावर उभे आहात. आज हे खलनायक हानच्या स्पर्धेचं मैदान. ‘एंटर द ड्रॅगन’चं शूटिंग चालू आहे. बजेट साडेआठ लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लरच. रांगा भरायला माणसं हवीत, म्हणून तुम्हालाही उभं केलंय.

समोर ब्रूस ली. पडद्यावर वाटतो त्याहून लहानखुरा. तुमच्या शेजारचा पोरगा त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतोय. हा काय मारणार, असं वाटणारे इथे बरेच. मधल्या वेळात एखादा त्याला खरंच आव्हान देतो. सिनेमातल्या स्पर्धेला निदान पटकथा तरी आहे!

आता ओहाराशी झुंज. ओहारा झालेला बॉब वॉल म्हणजे अमेरिकेतला पट्टीचा कराटेवाला. त्याच्या हातांत फुटक्या बाटल्या, आणि काच खरी. शूटिंगसाठीची नकली काच इथे मिळत नाही. लाथ बसली की वॉलने बाटली सोडायची, एवढंच ठरलंय. एका टेकला पळभराची चूक होते आणि लीच्या हातातून रक्त वाहू लागतं. टाके पडतात, काम थांबतं. ली आता वॉलचा जीव घेणार, अशी कुजबुज सेटवर पसरते. जीव वगैरे कुणी घेत नाही. ली परत येतो आणि झुंज पुरी करतो.

स्टुडिओतल्या भुयाराच्या सेटवर एका अठरा वर्षांच्या स्टंटवाल्याच्या तोंडावर लीची काठी चुकून बसते. ली धावत जाऊन माफी मागतो. पोरगा दुखणं जरा जास्तच ताणतो. त्याचं नाव जॅकी चॅन, पण इथे ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

मग आरशांची खोली. हान झालेला शी कीन साठीला आलाय. लोकनायक वाँग फेई-हुंगवरच्या चित्रपटांत वर्षानुवर्षं खलनायक करून त्याने हाँगकाँगच्या शिव्या खाल्ल्यात. त्याचं इंग्रजी नंतर दुसराच माणूस बोलणार आहे. चहूकडे आरसे, मग कॅमेरा लपवायचा कुठे? आरसेच लावलेल्या खोक्यात. छायाचित्रकार गिल्बर्ट हब्स आत अंग चोरून बसलाय. तुम्ही एकाच लीचे दहा ली बघता आणि खरा कुठला हे शोधत राहता. माझ्या मते सगळ्या चित्रपटातली सर्वांत अवघड मारामारी हीच, आणि ती कॅमेऱ्याने केली.

10 मे. गोल्डन हार्वेस्ट स्टुडिओतली डबिंगची खोली. एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद ठेवलाय. उकाडा असह्य. ली कोसळतो. डॉक्टर मेंदूला सूज असल्याचं सांगतात. या वेळी तो वाचतो. 20 जुलैला जातो, बत्तिसाव्या वर्षी. चित्रपट अमेरिकेत ऑगस्टमध्ये लागतो.