खुर्च्यांचे गाव आणि विद्यापीठ

जुन्या धंद्यांनी विद्यापीठांचा हात धरावा आणि नवे रूप घ्यावे, हा विचार आज बहुतेकांस पटलेला आहे. आम्हांसही तो मान्य आहे. परंतु हात धरल्यावर विद्यापीठास विचारावयाचे काय? लाकूडकामाच्या धंद्यापुरते याचे उत्तर हवे असेल, तर इंग्लंडातील हाय विकम या गावाचा इतिहास पाहावा.

लंडनच्या वायव्येस चिल्टर्न टेकड्यांच्या कुशीत हे गाव वसले आहे. टेकड्यांवर बीच वृक्षांची राने. कातारी त्या रानातच मुक्काम ठोकीत, पायाने चालणाऱ्या साध्या चरकावर खुर्च्यांचे पाय कातीत आणि गावातील कारखान्यांस विकीत. विंडसर खुर्चीने गावाला नाव मिळवून दिले. १८७५ च्या सुमारास या एका गावात रोज ४,७०० खुर्च्या तयार होत, असा अंदाज आहे.

१८९१ साली येथे विज्ञान आणि कला यांची शाळा निघाली. तिचे वर्ग संध्याकाळी भरत आणि मद्यावरील कराचा पैसा तिला मिळे. दारूचा पैसा ज्ञानाच्या कामी लागावा, हा योग दुर्मीळच! हीच संस्था वाढत वाढत २००७ साली विद्यापीठ झाली.

दरम्यान धंद्यात यंत्रे आली आणि संघटनाही आली. १९१३ च्या अखेरीस मजुरीवरून तंटा पेटला. मालकांनी कारखान्यांना टाळे ठोकले. १९१४ च्या फेब्रुवारीत सर जॉर्ज अ‍ॅस्क्विथ यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. मजुरीचा प्रश्न कामगाराला रोज चुलीपाशी भेटतो, म्हणून तो विचारला गेला. नाकावाटे आत जाणारा भुसा पुढे काय करील, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात हाय विकमच्या कारखान्यांनी लाकडी मस्किटो विमानांचे भाग बनविले. या विमानाच्या सांध्यांत आधी केसीनचा, म्हणजे दुधापासून केलेला सरस वापरीत. त्याच्या जागी पुढे कृत्रिम राळेचा सरस आला. तो केंब्रिजचे शास्त्रज्ञ नॉर्मन डी ब्रुइन यांनी डक्सफर्ड येथे सिद्ध केला होता. विद्यापीठातील विद्या अशी सुताराच्या हाती आली आणि सांधा पक्का झाला.

पण सांधणाऱ्याचे काय? गावच्या रुग्णालयात एस्मी हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या शस्त्रवैद्य होत्या. नाकाच्या पोकळीत होणारा ग्रंथिपेशींचा कर्करोग एरवी फार विरळा. त्यांच्याकडे मात्र त्याचे रोगी येत आणि त्यांत लाकूडकामगारच फार असत. बाईंनी रोग्याला त्याचा धंदा विचारला, ही या कथेतली मोठी गोष्ट.

तरीही संशय म्हणजे सिद्धता नव्हे. ज्या गावात जो तो खुर्च्या करतो, तेथे रोगीही खुर्च्या करणारेच निघणार, असे कोणीही म्हणेल. येथे विद्यापीठ उपयोगी पडले. ऑक्सफर्डचे डोनाल्ड अ‍ॅचिसन आणि त्यांचे सहकारी यांनी आसपासच्या प्रदेशातील रोग्यांच्या नोंदी गोळा केल्या, कोणत्या धंद्यात माणसे किती आणि त्यांत रोगी किती, हे प्रमाण काढले. १९६८ साली त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. फर्निचर कामगारांत या रोगाचे प्रमाण इतरांच्या शेकडो पट निघाले. दोष लाकडाच्या धुळीकडे, विशेषतः बीच-ओकसारख्या कठीण लाकडाच्या धुळीकडे गेला. धूळ नाकात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत पुष्कळदा चाळीस वर्षे लोटत. तोवर कामगार घरी बसलेला असे. मग कारखान्याला त्याचा पत्ता कोठून लागावा?

१९६९ साली ब्रिटनने हा रोग भरपाईस पात्र असा व्यवसायजन्य रोग ठरविला. १९९५ साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदविली.

या इतिहासाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. विद्यापीठास दोन प्रश्न विचारावे लागतात: माल चांगला कसा होईल, आणि तो करणारा माणूस चांगला कसा राहील? पहिला प्रश्न विचारावयास मालक आहेतच. दुसरा प्रश्न कामगारांनी विचारला पाहिजे आणि म्हणून करारनाम्याच्या बैठकीत त्यांना जागा असली पाहिजे. कोण किती वर्षे कोणत्या यंत्रावर होता याची वही ठेवावी. नोकरी सुटली तरी ती फाडू नये. करवतीच्या आणि घासकामाच्या यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारी नळी बसवावी. एकदा हवेत उडालेली धूळ केरसुणीने जात नाही. डॉक्टरांनी दुखणे विचारताना धंदाही विचारावा.

आपल्या वखारींत आणि सुतारांच्या दुकानांतही साग, शिसव घासले जातात आणि दिव्याच्या उजेडात ती बारीक धूळ तरंगताना दिसते. तिचा निवाडा करावयास आपण आणखी चाळीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. तो हाय विकमच्या कामगारांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन करून ठेवला आहे.