टाइमस्लिप्स
टाइमस्लिप्स ही स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या व्यक्तींसोबत गटात कथा रचण्याची पद्धत आहे. अमेरिकन नाट्य-अभ्यासक ॲन बास्टिंग यांनी ती १९९० च्या दशकात विकसित केली. यात गटासमोर एखादे चित्र ठेवून ‘हिचे नाव काय ठेवू या?’ यांसारखे प्रश्न विचारतात. ‘आठवते का?’ असे विचारणे कटाक्षाने टाळले जाते, कारण आठवले नाही तर व्यक्ती खजील होऊन गप्प बसते. प्रत्येक उत्तर, मग तो नुसता ध्वनी का असेना, लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवतात. कथा बरेचदा विसंगत होते. तो दोष मानत नाहीत. आजार यामुळे बरा होत नाही. बास्टिंग यांच्याच पुढाकाराने मिलवॉकीतील ल्यूथर मॅनर या वृद्धनिवासात २०११ मध्ये ‘ओडिसी’तील पेनेलपीवर आधारित नाटक झाले; त्यात रहिवाशांचाही सहभाग होता. बास्टिंग यांना २०१६ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.