पाटणचा मठ आणि चिन्हांचा न्याय

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, असे त्यावरून कळते. लेखाचा उत्तरभाग जुन्या मराठीत असल्याने भाषाभ्यासकांची दृष्टी करांच्या त्या ओळींवरच खिळते. मठातील बीजगणिताकडे ती क्वचितच वळते.

शके १०७२ मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणितात आरंभीच धन-ऋणांचे नियम आहेत. ऋणाने ऋण गुणिले असता धन, धनाने ऋण गुणिले असता ऋण. येथे संख्या केवढी, हे ठाऊक असण्याचे कारणच नाही. वर्ग ऋण होत नाही, म्हणून ऋणसंख्येस वर्गमूळ नाही, हा निष्कर्षही केवळ चिन्हावरून निघतो. धन व ऋण यांच्या बेरजेत मात्र चिन्ह पुरत नाही. मोठी संख्या कोणती, हे पाहावेच लागते.

संगणकाची आज्ञावली न चालविता, निव्वळ वाचून, तीतील संख्यांचे गुणधर्म ठरविण्याचे शास्त्र पॅट्रिक व रादिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडिले, ते याच नियमाच्या उदाहरणाने. यावरून पाटणास त्या शास्त्राचे माहेर ठरविणे ही इतिहासाची थट्टा होईल. नियम ब्रह्मगुप्ताकडे इ. स. ६२८ मध्येच आढळतो.

साम्य निराळ्या ठिकाणी आहे. ऋणसंख्येवर बिंदू द्यावा, असा भास्कराचार्यांचा संकेत आहे. यंत्रभाषेत असा बिंदू नसतो. ११११११११ ही आठ द्विमान अंकांची मालिका २५५ असू शकते किंवा −१. बेरजेची आज्ञा दोहोंस एकच; तुलनेच्या आज्ञा मात्र सामान्यतः निराळ्या, आणि त्यांवरूनच चिन्हाचा माग लागतो. लेखनिकाने बिंदू गाळलेल्या पोथीत पुढील गणितावरून चिन्ह ओळखणारा संपादक याहून वेगळे काय करितो? पुरावा नसेल तेथे विश्लेषकाने दोन्ही पाठ राखिले पाहिजेत. एरवी सदोष आज्ञावली निर्दोष ठरेल.

यंत्राची आणखी एक अडचण मठात उद्भवली नसती. तेथे धनात धन मिळविले असता धनच. आठ अंकांच्या चिन्हयुक्त जागेत मात्र १०० आणि १०० यांची बेरीज −५६ येते. म्हणून चिन्हाबरोबर संख्येच्या मर्यादाही सांभाळाव्या लागतात. गोगुल बालकृष्णन व टॉमस रेप्स यांनी २००४ मध्ये केवळ यंत्रभाषेवरून संभाव्य मूल्यांच्या अशा मर्यादा काढण्याची रीत दिली.