कातळशिल्पे, कोकणातील

कोकणातील जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर (पठारांवर) प्रागैतिहासिक माणसाने कोरलेल्या आकृती. ‘खोदचित्रे’ हेही नाव रूढ आहे. बहुतेक कातळशिल्पे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असून गोव्यात कुशावती नदीकाठी पणसायमळ येथेही ती आढळतात.

स्वरूप : जांभ्याचा वरचा थर लोहयुक्त व टणक असतो. त्यात खाचा पाडून प्राणी, पक्षी, मासे, माणसे आणि भौमितिक रचना रेखाटल्या आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये माणूस उभा आहे. देऊड येथे गेंडा दिसतो; आज तो कोकणात कुठेही नाही. देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवते.

काळ : शेतीची दृश्ये आढळत नसल्याने ही शिकारी व अन्नसंकलक समाजाची निर्मिती मानली जाते. काही आकृती १० हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

दर्शन : पेरूच्या वाळवंटातील नाझ्का रेषांशी यांची तुलना होते. तिथे वरचे काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली आहे. त्या प्रचंड आकृती जमिनीवरून पूर्ण दिसत नाहीत, म्हणून प्रवासी छोट्या विमानात बसतात. कोकणातल्या आकृती आकाराने लहान असल्या, तरी अडचण तीच. कशेळीच्या हत्तीच्या पायाशी उभे राहिल्यास नुसत्या खाचा दिसतात. उंचावरून किंवा ड्रोनच्या छायाचित्रात मात्र अख्खा हत्ती उभा राहतो. सकाळी किंवा उन्हे उतरताना तिरप्या प्रकाशाने खाचांत सावली भरते आणि रेषा उठून दिसतात.

शोध व संरक्षण : मालवण तालुक्यातील कुडोपीचे ग्रामस्थ आपल्या सड्याला ‘बावल्यांचे (बाहुल्यांचे) टेंब’ म्हणत आले आहेत; म्हणजे स्थानिकांना या आकृती आधीपासून माहीत होत्या. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावचे सडे पायी तुडवून शेकडो आकृतींची नोंद केली. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, पणसायमळ यांसह ९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. चिरेखाणी, रस्ते व बांधकामे यांपासून सड्यांना धोका आहे. पाहणाऱ्यांनी आकृतीवरून चालू नये, छायाचित्रासाठी खाचांत खडू किंवा रंग भरू नये. चिऱ्याबरोबर कापली गेलेली आकृती पुन्हा मिळत नाही.